एक विद्यापीठ, दोन निकाल

अमेरिकेत बारावीला असलेल्या, व्हायोलिन किंवा सेलो वाजवणाऱ्या मुलाच्या घरी मार्चअखेर चमत्कारिक निकाल येऊ शकतो. विद्यापीठाने प्रवेश दिलेला असतो आणि त्याच विद्यापीठाच्या संगीत विद्यालयाने नाकारलेला असतो. उलटंही घडतं. वादन ऐकून प्राध्यापक खूश असतात, पण गुणपत्रिका पाहून प्रवेश कार्यालय मान हलवतं. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना, आणि पुण्या-मुंबईतून थेट अर्ज करणाऱ्यांनाही, हा दुहेरी कारभार लवकर उमगत नाही. आपल्याला मेरिट लिस्ट ठाऊक असते आणि गुरूने शिष्य ठेवून घेणंही ठाऊक असतं. तिथे एकाच मुलाला या दोन्हींतून एकाच हिवाळ्यात पार पडावं लागतं.

म्हणून आधी पदवी कोणती, ते ठरवावं. बॅचलर ऑफ म्युझिक या पदवीत ढोबळमानाने दोन तृतीयांश अभ्यासक्रम संगीताचाच असतो: मुख्य वाद्य किंवा गायन, वाद्यवृंद, थिअरी, कानाची तयारी. संगीत विषय घेऊन केलेल्या बी.ए.मध्ये तो वाटा साधारण एक तृतीयांशावर येतो, बाकी इतिहास, गणित, भाषा काय हवं ते. पहिल्या पदवीला ऑडिशन चुकत नाही. दुसरीला बऱ्याच ठिकाणी ती नसतेच, किंवा असली तरी कॉलेजात शिरल्यावर होते.

हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी अर्जासोबत वादनाचं रेकॉर्डिंग जोडता येतं. ते संगीत विभागातले प्राध्यापक ऐकतात आणि आपलं मत कळवतात. निर्णय मात्र प्रवेश कार्यालयाचा. ‘पोरगी इतकी छान गाते, घेतील की’ हा हिशोब तिथे चालत नाही. गाणं हा फायलीतला एक कागद असतो, चांगला वजनदार असला तरी एकच. येलबद्दलही एक गैरसमज हमखास कानावर येतो. येलचं स्कूल ऑफ म्युझिक विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही हे खरं, पण ते पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. बारावीनंतर जायचं ते येल कॉलेजात, आणि तिथली फी आहे तशीच आहे.

ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी जोडपदवी असते. ओहायोतल्या ओबर्लिनची पाच वर्षांची योजना त्यासाठी जुनी आणि नावाजलेली. तिथे कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी दोघांनीही स्वतंत्रपणे होकार द्यावा लागतो. पालकांना ही योजना फार आवडते, कारण संगीत नाही जमलं तर हाताशी दुसरी पदवी असते. मला तिचं एवढं कौतुक नाही. रोजचा तीन-चार तासांचा रियाज, वर वाद्यवृंदाची तालीम, आणि त्याच दुपारी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. दोन्हींतलं एकही सुटणार नाही अशा मुलाने हे जरूर करावं. आईवडिलांना रात्री झोप लागावी म्हणून करू नये.

वेळापत्रक कडक असतं. बऱ्याच नामांकित संगीतशाळांचे अर्ज १ डिसेंबरच्या आसपास बंद होतात आणि अनेक वाद्यांसाठी त्यासोबतच प्राथमिक चाळणीचं रेकॉर्डिंग द्यावं लागतं. यात तंत्राची चलाखी चालत नाही. एक रचना सलग, कापाकापी न करता, हात आणि चेहरा दिसेल असा व्हिडिओ. एक सूर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. पियानोची साथ असेल तर साथीदाराचे तास, हॉलचं भाडं, सगळं पुन्हा. नोव्हेंबरमध्ये घाईने केलेलं रेकॉर्डिंग ऐकताक्षणी कळतं. ही तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीतच व्हायला हवी.

चाळणीतून पुढे गेलेल्यांना साधारण जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्यक्ष बोलावणं येतं. ऐन बर्फाचे दिवस. सेलोवाल्यांना विमानात वाद्यासाठी वेगळं आसन घ्यावं लागतं, तेही पूर्ण पैसे मोजून. खोलीत तीन-चार प्राध्यापक, समोर कागद, आणि वेळ बहुधा दहा-पंधरा मिनिटं. व्हायोलिनला बाखची एकल रचना, एखाद्या कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट, एक कॅप्रिस, शिवाय स्केल्स. पियानोला बाख, एक सोनाटा, एक एट्यूड अशी मागणी साधारण सगळीकडे सारखी असते. पहिली रचना बहुतेक वेळा विद्यार्थ्याला निवडू देतात, पुढची ते सांगतात. आणि मध्येच ‘थँक यू’ म्हणून थांबवतात. विस्तार सुरू व्हायच्या आतच थांबवल्यासारखं वाटतं, मुलं हिरमुसून बाहेर येतात. त्यात काही वाईट नसतं. हवं ते ऐकून झालेलं असतं आणि दाराबाहेर पुढचा उभा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट माहितीपुस्तिकेत ठळकपणे छापलेली नसते. मूल शाळेत जातं, पण शिकतं एका शिक्षकाकडे. तिथल्या भाषेत त्या शिक्षकाचा ‘स्टुडिओ’ असतो, त्यात मोजके विद्यार्थी, आणि या वर्षी किती जण पदवी घेऊन बाहेर पडणार यावर नव्यांच्या जागा ठरतात. फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट हे त्याचं टोक. १९२४ साली सुरू झालेली ही संस्था १९२८पासून शिक्षणशुल्क घेत नाही आणि तिथे सगळे मिळून दीडशेच्या आगेमागे विद्यार्थी असतात. जागा रिकामी झाली तरच भरायची. ओबोचा कुणी त्या वर्षी बाहेर पडत नसेल, तर ओबो कितीही सुंदर वाजवा. हा नकार वादनाला नसतो, पण सतरा वर्षांच्या मुलाला ते कसं पटवायचं?

म्हणूनच आदल्या वर्षीच शिक्षकांना पत्र लिहून एखादा तास मागायची पद्धत आहे. ‘ट्रायल लेसन’ म्हणतात. काही जण त्याचे पैसे घेतात, काही घेत नाहीत. आपल्या माणसांना हे वशिल्यासारखं वाटतं आणि संकोच होतो. तो सोडावा. प्राध्यापक मुलाला पारखतात तसं मुलानेही त्यांना पारखायचं असतं. चूक दाखवल्यावर पुढच्या दहा मिनिटांत हाताला काही नवं सापडलं का, एवढं पाहिलं तरी पुरे.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांची वाट निराळी. जुन्या धाटणीच्या कॉन्झर्व्हेटरीत ख्यालगायनाची किंवा तबल्याची स्वतंत्र ऑडिशन सहसा नसते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ कामगिरीच्या रकान्यात शोभते, पण त्या खोलीत तिचा अर्थ कुणाला ठाऊक असेलच असं नाही. बोस्टनचं बर्कली हा ठळक अपवाद. तिथे प्रत्येक अर्जदाराची ऑडिशन आणि मुलाखत होते आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवून दाखवण्याला मोल असतं. उपजेची सवय असलेल्या आपल्या मुलांना ते सोयीचं जातं, मात्र कानाने ओळखण्यासोबत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचाही सराव लागतो. ॲनेट फिलिप यांनी २०११मध्ये उभा केलेला तिथला इंडियन एन्सेम्बल आपल्याकडेही अनेकांनी ऐकला आहे.

शेवटी पैसा. शिष्यवृत्ती पुष्कळदा ऑडिशनवरच ठरते आणि तीत शाळेची गरज मिसळलेली असते. बासून वाजवणारा हवा असेल तर बासूनवाल्याचं पारडं जड. भारतातून जाणाऱ्यांनी हे आणखी नीट पाहावं. तिथल्या सरकारी मदतीचा अर्ज नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असतो, आणि व्हिसाच्या आधी आय-ट्वेंटी हा कागद मिळवायला पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. होकार कळवायची रूढ तारीख १ मे. तोवर दोन शाळांनी देऊ केलेली रक्कम समोर ठेवून ‘यात काही वाढ होईल का’ असं विनयाने विचारता येतं, आणि विचारावं. याच दिवसांत त्या स्टुडिओतल्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करून एक चौकशी जरूर करावी: सर दौऱ्यावर गेले की त्या आठवड्यांत तुम्हाला शिकवतं कोण?