उसाशातून आलेली तक्रार

"आई, हा बघ ना, माझी पट्टी देत नाही!" "बाई, हिनं मला ढकललं!" मुलांनो, अशी वाक्यं घरात नि वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येतात, हो ना? दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या लोकांकडे यासाठी एक खास क्रियापद होतं : क्वेरॉर. अर्थ, 'मी तक्रार करतो'.

याची पहिली गंमत रूपात आहे. रूप कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी! संस्कृत शिकणाऱ्यांना आत्मनेपद ठाऊक असेल : वन्दे, लभे. लॅटिनमधल्या अशा क्रियापदांचं त्याच्याशी जुनं नातं आहे.

दुसरी गंमत याहून मोठी. भाषातज्ज्ञांच्या मते क्वेरॉर आणि संस्कृतमधला 'श्वस्' धातू एकाच मुळातून आले. श्वास, निःश्वास आणि आपला उसासासुद्धा याच श्वस्‌चे! मग क्वेरॉरमधला 'स' गेला कुठे? जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधल्या 'स'चा पुढे 'र' झाला. 'क्वेस्टुस सुम' (मी तक्रार केली) या रूपात मात्र 'स'ला 'ट'चा शेजार मिळाला, म्हणून तो वाचला.

म्हणजे तक्रार आधी एक उसासा होती. म्हणूनच क्वेरॉरचा अर्थ नुसतं गाऱ्हाणं नाही, विलापही आहे. व्हर्जिल या कवीच्या 'जॉर्जिक्स' काव्यात पिल्लं गमावलेली नाइटिंगेल रडते, तिथं हेच क्रियापद आहे. आणि पावसाआधी चिखलात डरावणाऱ्या बेडकांच्या गाण्याला त्यानं चक्क 'क्वेरेला', म्हणजे तक्रार, म्हटलंय!

पण तक्रार म्हणजे नुसती रड नव्हे, बरं का. सिसिली बेटावर व्हेरेस नावाचा रोमन सुभेदार होता. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात त्यानं शेतकऱ्यांचं धान्य लुबाडलं, देवळांतल्या मूर्तीही पळवल्या. लोक गाऱ्हाणं घेऊन सिसेरोकडे गेले. सिसेरोनं सिसिलीत ५० दिवस फिरून पुरावे गोळा केले. इ.स.पू. ७० मध्ये खटला उभा राहिला. पुरावे असे बिनतोड की निकालाआधीच व्हेरेस रोम सोडून पळाला!

आपला 'तक्रार' शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ, पुन्हा पुन्हा करणं. आणि इंग्रजी 'कम्प्लेन'च्या मुळाशी आहे छाती पिटणं, म्हणजे आपलं ऊर बडवणंच की! एकानं उसासा ऐकला, दुसऱ्यानं तेच तेच बोलणं, तिसऱ्यानं आक्रोश.

आईबाबांनो, 'सारखी काय कुरकुर!' असं म्हणण्याआधी तिच्यामागचा उसासा ऐकू येतो का, पाहा. आणि मुलांनो, कुणी खरंच त्रास देत असेल, तर गप्प बसू नका. काय घडलं, केव्हा घडलं, हे विश्वासाच्या मोठ्या माणसाला नीट सांगा. सिसिलीकरांनी तेच केलं.

जाता जाता एक कोडं. इंग्रजीतले क्वॉरल, क्वेरी आणि क्वेश्चन. यांतला क्वेरॉरचा वंशज कोणता?

(उत्तर : फक्त क्वॉरल, म्हणजे भांडण. बाकीचे दोघे 'शोधणे, विचारणे' या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदाचे.)