रोजा, शुगरची गोळी आणि रक्तातला हिशेब

रमजान जवळ आला की नंदुरबार, शहादा, अक्कलकुव्याच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘डॉक्टरसाहेब, रोजा धरायचाय, गोळी कधी घेऊ?’ ग्लिमेपिराइडसारखी गोळी डॉक्टर बहुधा इफ्तारकडे सरकवतात, कधी डोसही कमी करतात. ही गोळी पोट रिकामे असले तरी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. मग दुपारी घाम, थरथर, कधी थेट बेशुद्धी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील बारा हजारांवर मधुमेहींच्या ‘एपिडायर’ पाहणीत रमजानमध्ये टाइप २ च्या रुग्णांची साखर दवाखान्यात दाखल करावे लागेल इतकी घसरण्याचे प्रमाण साडेसात पट वाढलेले दिसले. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही.

पण गोळी रक्तात किती उतरते, किती तास टिकते, हे कळते कसे? निरोगी स्वयंसेवकांना रात्रभर, किमान दहा तास उपाशी ठेवून गोळी देतात. (हाही एक रोजाच म्हणायचा, फक्त यात गोळीच्या आधी-नंतरचा तास सोडला तर पाणी चालते.) नंतर ठरावीक वेळाने रक्त घेतात, यंत्रात गरगर फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात आणि त्यातले औषध मोजतात. नेहमीच्या डोसला मेटफॉर्मिन एका मिलिलिटर प्लाझ्मात बहुधा एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असते, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी. ग्लिमेपिराइडचा हिशेब तर नॅनोग्रॅममध्ये.

इतके बारीक मोजणारा काटा खरा आहे, हे आधी कोणी तपासायचे? किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापनचा शिक्का लागतो, तसेच इथे पद्धतीचे प्रमाणीकरण करावे लागते. औषध नसलेल्या प्लाझ्मात ठाऊक असलेले माप मिसळायचे आणि यंत्र काय सांगते ते पाहायचे. १०० घातले तर उत्तर ८५ ते ११५ च्या आत हवे. अगदी तळाच्या मापाला ८० ते १२० ची सवलत. हे एकाच्या प्लाझ्मावर भागत नाही, किमान सहा वेगवेगळ्या माणसांचा लागतो. शिवाय चरबीने दुधाळ झालेला आणि तांबड्या पेशी फुटून लालसर झालेला प्लाझ्माही तपासतात. नमुना तीनदा गोठवून वितळवला तरी आकडा टिकला पाहिजे. २०२२ च्या ‘आयसीएच एम१०’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हे सारे आहे.

हा खटाटोप प्रयोगशाळेपुरता नाही. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या गोळ्यांना रक्तातली बरोबरी सिद्ध करणे भारतात एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाले, आणि ग्लिमेपिराइड त्याच गटातले. काटाच चुकला तर जास्त जोराने उतरणारी गोळीही ‘बरोबरीची’ ठरेल, आणि त्याचा फटका दुपारी तीनच्या उन्हात रोजा धरून हातगाडी ओढणाऱ्याला बसेल.

अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचे अली-अल्लाना फार्मसी महाविद्यालय आहे, शहाद्यातही फार्मसीचे शिक्षण मिळते. औषध विश्लेषणात एम.फार्म. करणाऱ्यांना हे जैवविश्लेषण अभ्यासक्रमातच असते. इथली मुले-मुली पुढे अशाच प्रयोगशाळांत जाऊ शकतात.

रोजेदारांनी गोळीची वेळ मात्र स्वतः बदलू नये, डॉक्टरांनाच विचारावे. बोटातून रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा.