हाच डोंगर, हेच झाड

शिंतो म्हणजे जपानची निसर्गपूजा, असे आपण सहज म्हणून जातो आणि डोंगर-झाडांना हात जोडणारा धर्म निसर्ग राखणाराच असणार, असेही गृहीत धरतो. हे समीकरण मला पटत नाही. शिंतो पुजतो ती जागा, ठरलेली आणि एकच. नारा परिसरातले साकुराई इथले ओमिवा देवस्थान पाहा. त्याला गाभाराच नाही. भाविक सभामंडपात उभे राहतात. समोर एकत्र जोडलेल्या तीन कमानी आणि त्यांच्यामागे 467 मीटर उंचीचा मिवा डोंगर. तोच देवाचा देह. शेजारच्या डोंगराला हा मान नाही. जुन्या वृक्षाच्या बुंध्याला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर, म्हणजे शिमेनावा, बांधतात आणि त्याला कागदाच्या पांढऱ्या नागमोडी पट्ट्या लावतात. दोर असलेल्या झाडावर कुऱ्हाड उचलायला माणूस धजत नाही. थोड्या अंतरावरचे त्याच जातीचे झाड मात्र नुसते लाकूड असते. अठराव्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा यांनी ‘कामी’ म्हणजे शिंतोचे देव कोणते ते सांगताना पशू, पक्षी, झाडे, समुद्र, डोंगर सगळे मोजले, पण अट घातली ती असामान्यत्वाची: जे पाहून मनाला धाक वाटतो ते कामी, मग ते भले असो वा बुरे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निसर्ग पुजणाऱ्या देशात मिनामाता कसे घडले? तिथल्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला आणि 1956 साली त्या भयंकर रोगाची अधिकृत नोंद झाली. महायुद्धानंतर नैसर्गिक जंगले तोडून सुगी आणि हिनोकी या झाडांच्या लागवडी झाल्या. आज देशातले सुमारे 40 टक्के वन माणसाने लावलेले आहे आणि दर वसंतात त्याचे पराग असंख्य लोकांना आजारी पाडतात. शिंतोला निसर्गपूजा मानले तर ही विसंगती ठरते. पूजा जागेची आहे हे ध्यानात घेतले तर कोडे उरत नाही, कारण दोराच्या बाहेर धर्माचा धाक नव्हता. नवी इमारत उभारताना आजही जपानमध्ये पुरोहिताला बोलावून ‘जिचिन्साई’ हा भूमिपूजनाचा विधी करतात. त्यात जमिनीच्या देवाची अनुमती मागतात. बांधकाम थांबवणे हा त्याचा हेतूच नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिंतोला पर्यावरणाचा धर्म म्हणणे ही युद्धोत्तर काळातली नवी मांडणी आहे, त्याआधी हाच धर्म सम्राटभक्तीसाठी आणि युद्धासाठी राबवला गेला, असे काही अभ्यासक म्हणतात. ते खरे आहे. पण त्यामुळे गावोगावच्या देवळांभोवतीच्या राया खोट्या ठरत नाहीत. त्यांना ‘चिंजू नो मोरी’ म्हणतात. आपल्या देवराईच्या जवळची ही गोष्ट. या राया कशामुळे टिकल्या होत्या, ते सरकारनेच नकळत दाखवून दिले. 1906 साली लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचे धोरण आले. ज्यांच्याकडे ठरावीक मालमत्ता नव्हती ती बंद झाली, देव दुसरीकडे हलवले गेले आणि 1914 पर्यंत सुमारे 70,000 देवळे नाहीशी झाली. मिए आणि वाकायामा या भागांत सर्वाधिक. देव हलताच राईची किंमत लाकडाच्या भावाने होऊ लागली.

वाकायामातल्या तानाबेला राहणारे मिनाकाता कुमागुसु याविरुद्ध उभे राहिले. स्लाइम मोल्ड या सूक्ष्म जीवांचे ते अभ्यासक होते आणि लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकात लिहीत. आजूबाजूला कुठेही न उरलेल्या वनस्पती या रायांत आहेत, राई गेली की पक्षी जातील, पक्षी गेले की पिकांवर किडी वाढतील, आणि गावाची एकत्र जमण्याची जागाही जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1911 साली त्यांनी ‘इकॉलॉजी’ हा तेव्हाचा नवा शब्दही त्यासाठी वापरला. आदल्या वर्षी एका सभेत घुसल्याबद्दल त्यांनी 18 दिवस कोठडी भोगली होती. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्यांची पत्रे छापून वाटली. सरकारच्या लेखी देव हलवता येत होता, गावाच्या लेखी नव्हता. आणि झाडे वाचली होती ती गावाच्या या समजुतीमुळे. 1920 साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने हे विलीनीकरण निरुपयोगी ठरवले. तोवर असंख्य राया तोडून विकल्या गेल्या होत्या.