मोठ्या माणसांची शाळा



शाळा म्हटली की आपल्याला फळा, खडू आणि घंटा आठवते. पण एका शाळेला भिंती नाहीत, छप्पर नाही आणि तिथल्या विद्यार्थ्यांना मिशा आहेत. (बायासुद्धा येतात.) तिचे नाव शेतीशाळा. ती वावरात भरते. त्या शाळेविषयी मी आज लिहीत आहे.

आपली इंझोरी मानोरा तालुक्यात आहे. इकडे बरीच शेती कोरडवाहू आहे. म्हणजे आभाळातून पडेल तेवढेच पाणी. पूर्वी इकडे ज्वारी खूप होती. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा, दोन्ही एकाच ताटातून मिळायचे. आता सोयाबीन आणि तूर जास्त दिसते, हिवाळ्यात हरभरा. पीक कोणतेही असो, पाऊस पडला नाही तर काय करावे, हे कोणत्याच पुस्तकात एका ओळीत लिहिलेले नसते. म्हणून मोठ्यांनाही शिकावे लागते.

ही शाळा आधी दूर इंडोनेशिया देशात १९८९ साली सुरू झाली. तिथे धानावर तपकिरी तुडतुडे पडायचे. लोक औषध फवारायचे. पण औषधाने तुडतुडे खाणारे कोळीच मरायचे आणि तुडतुडे आणखी वाढायचे. मग शेतकऱ्यांनाच बांधीत उतरवून कोणता किडा शत्रू आणि कोणता मित्र ते शिकवले. आपल्या राज्यात कृषी विभाग शेतीशाळा घेतो. २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प १५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आपला वाशीम जिल्हा होता आणि शेतीशाळाही होत्या.

तिथे भाषण कमी असते. एकाच वावराचे दोन तुकडे करतात. एकात नेहमीसारखी पेरणी, दुसऱ्यात सुधारित पद्धत. पेरणीपासून सोंगणीपर्यंत तेच शेतकरी पुन्हा पुन्हा तिथे जमतात. चार-पाच जणांचे गट करून झाडे पाहतात, अळ्या मोजतात, कागदावर झाडाचे आणि किड्यांचे चित्र काढतात. मग सगळ्यांसमोर सांगतात. हरभऱ्याच्या मीटरभर ओळीत एक-दोन घाटेअळ्या दिसल्या तर उपाय करायचा, कमी असतील तर थांबायचे. वावरात टी आकाराच्या काड्या रोवल्या की कोतवाल पक्षी त्यावर बसतो आणि अळ्या टिपतो. त्याला मजुरी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ते आम्ही वर्गातही करून पाहिले. त्याला उगवण चाचणी म्हणतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे घ्यायचे, निवडून चांगले चांगले घ्यायचे नाहीत. ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरे ओले पोते, मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उघडायचे आणि चांगले कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ७० च्या खाली जितके दाणे कमी, तितके अर्धे-अर्धे किलो वाढवायचे. आमचे ६२ निघाले. म्हणजे ८ कमी, ४ किलो जास्त, एकूण ३४ किलो. हे गणित मी फळ्यावर केले. फारच कमी निघाले तर ते बियाणे पेरूच नये.

सोयाबीनचे साल पातळ असते. मळणी यंत्र जोरात फिरले किंवा पोते आपटले तरी आतला कोंब दुखावतो. वरून दाणा छान पिवळा दिसतो, पण उगवत नाही. म्हणून डोळ्याने पाहून खरे कळत नाही, मोजावेच लागते.

पावसाचेही तसेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे सांगतात. १०० मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे ४ लाख लिटर पाणी! ते वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवी पेरणी करतात. मग प्रत्येक सरी छोट्या बांधासारखी पाणी अडवते.

आपला पेपर चुकला तर आपण पुन्हा लिहितो. वावरातला पेपर चुकला तर बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली आणि हंगामही निघून जातो. पुन्हा पेरावे लागले तर त्याला दुबार पेरणी म्हणतात. एका साली आमची पेरणी झाली आणि पाऊस दडी मारून बसला. बाबा रोज वावरात जाऊन मातीत बोट घालून पाहायचे. घरी आले की कोणाशी बोलत नव्हते. जेवणाचे ताट तसेच राहायचे. मला वाटायचे, माझ्यावर रागावले आहेत. पण तो राग नव्हता, ती काळजी होती. आजी म्हणाली, "मनात ठेवून ठेवून मानूस आंबते बापा. बोलून टाक." मग बाबा शेजारच्या काकांजवळ जाऊन बसले. त्या रात्री जेवले.

मला शेतीशाळेतली हीच गोष्ट जास्त आवडते. तिथे सगळ्यांचीच पिके पिवळी पडलेली असतात, त्यामुळे कोणाला लाज वाटत नाही. कोणी दोनदा आला नाही तर बाकीचे विचारतात, "काऊन आला नाही तो?" काही शेतकरी कर्ज आणि काळजीने खचून जीव देतात, हे आपण मोठ्यांच्या बोलण्यात ऐकतो. कोणी झोपत नसेल, जेवत नसेल, पारावर येणे सोडले असेल किंवा "आता माझं काही खरं नाही" असे म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि लगेच मोठ्या माणसाला सांगावे. ते गुपित ठेवायचे नसते. सरकारने २०१५ साली शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची होती. २०२२ पासून टेलिमानस हा फोन आहे. नंबर १४४१६. रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पिकाचे विचारायचे असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

मी दोन्ही नंबर आमच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले आहेत. आजीला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून रोज संध्याकाळी म्हणून घेतले, आणि लहान नंबर तिला आता पाठ आहे. मोठा अजून अर्धाच झालाय.

इयत्ता ४ थी