खाडीच्या पाण्यातले शिकारी

कशेळीच्या पुलावर बस चढली की खिडकीतली मंडळी नाकाला रुमाल लावतात. एका बाजूला ठाण्याचं बाळकुम, दुसऱ्या बाजूला आमची कशेळी आणि मध्ये खाडी. वरच्या गावांचं आणि शहरांचं जे काही सांडपाणी येतं, ते इथूनच पुढे समुद्राकडे जातं. तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलच्या पोराने मॅगझिनमध्ये लेख लिहावा आणि तोही घाण पाण्यावर? पण थांबा. समुद्राच्या साध्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात. त्यातले बहुतेक माणसाच्या वाटेलाही जात नाहीत, ते फक्त जीवाणूंना मारतात. मग सांडपाणी मिसळलेल्या खाडीत तर त्यांची मेजवानीच! यांचं नाव बॅक्टेरिओफाज, मराठीत जीवाणूभक्षक. आपण नुसतं फाज म्हणू.

फाजचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या मशीनचं ड्रॉइंग वाटलं. 'टी-४' नावाचा फाज घ्या. वर अनेक पैलूंचं डोकं, त्यात गुंडाळलेला डीएनए. खाली पोकळ शेपूट, तिच्याभोवती आवरण आणि टोकाला कोळ्यासारखे पाय. ५ हजार टी-४ एकापुढे एक झोपवले तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल. पाय जीवाणूच्या पृष्ठभागावर नेमक्या जागी टेकले की शेपटीचं आवरण आकसतं, आतली नळी भिंतीतून आत घुसते आणि डीएनए आत जातो. गंमत म्हणजे या धक्क्यासाठी बाहेरून ऊर्जा लागत नाही. फाज जुळतानाच ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी साठवून ठेवलेली असते. अर्ध्या तासात जीवाणू फुटतो आणि शंभरएक नवे फाज बाहेर पडतात. हिशोब करा: १ चे १००, १०० चे १० हजार, दोन तासांत १० कोटी. अर्थात कागदावर.

मी हे वाचायला लागलो ते माझ्या मोठ्या काकांमुळे. ते इथल्याच एका गोदामात माल उतरवण्यावर देखरेख करतात आणि त्यांना मधुमेह आहे. गेल्या वर्षी पायाला जखम झाली ती महिनाभर भरेचना. लॅबचा कल्चर रिपोर्ट आला, जंतू निघाला स्युडोमोनास. खाली अँटिबायोटिकांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. आमच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर! शेवटी एकच एस, कोलिस्टिनपुढे, आणि ते औषध मूत्रपिंडाला जड. पाय वाचला, दोन बोटं गेली. काकू मला म्हणाली, "तू एवढा शिकतोयस, दुसरं काहीच औषध नसतं का रे?" अशा दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे प्रश्न एकट्या काकूचा नाही.

दुसरं औषध होतं. आणि ते अँटिबायोटिकच्याही आधी आपल्या परळपर्यंत पोचलं होतं! १९१५ मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स द'एरेल, दोघांना स्वतंत्रपणे फाज सापडले. द'एरेलने आमांशाच्या रोग्यांवर ते वापरलेही. १९२६ साली तो प्लेगच्या कामासाठी मुंबईला हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आला. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये असलेली प्लेगची प्रयोगशाळा ती हीच. पुढच्या वर्षी पंजाबात त्याने कॉलऱ्याच्या रोग्यांना फाज पाजले, विहिरींतही सोडले. आसामात मॉरिसनने नौगाव भागात फाज वाटले आणि हबीगंजशी तुलना केली. आकडे उत्साह वाढवणारे होते, पण तुलना पक्की नव्हती. साथ आपोआप ओसरली की औषधाने, हे ठामपणे सांगता येईना. १९३६ च्या सुमारास ते काम थांबलं आणि मग पेनिसिलिन आलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत, १९२३ च्या एलियावा संस्थेत, मात्र ही विद्या चालू राहिली.

(गंगेचं पाणी जंतू मारतं हे १८९६ मध्ये हँकिनने लिहिलं, तोच फाजचा पहिला शोध असं हल्ली सर्रास सांगतात. मला ते घाईचं वाटतं. उघड्या भांड्यात तापवल्यावर त्या पाण्याचा गुण जायचा आणि बंद नळीत तापवलं तर राहायचा, असं त्यानेच नोंदवलंय. फाज असते तर दोन्हीकडे मेले असते.)

मग घोडं अडतं कुठे? फाजच्या हट्टीपणात. अँटिबायोटिक सरसकट मारतं, पोटातले चांगले जीवाणूसुद्धा. फाज मात्र एकाच जातीचा, बऱ्याचदा त्यातल्याही ठरावीक उपजातींचा जीवाणू मारतो. किल्ली त्याच कुलपाची हवी. म्हणून रोग्याचा जंतू आधी वाढवायचा आणि मग साठ्यातले फाज त्याच्यावर एकेक लावून बघायचे. शिवाय काही फाज मवाळ असतात. ते जीवाणूला न मारता त्याच्या डीएनएत जाऊन बसतात. कॉलऱ्याच्या जंतूत विष बनवणारी जीन्स अशाच एका फाजने आणलेली आहेत. म्हणजे फाज न तपासता पाजणं धोक्याचं.

साठा जमवायला मात्र फार खर्च नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधल्या १५ वर्षांच्या मुलीला तीन फाज दिले गेले, त्याची हकिकत २०१९ मध्ये छापून आली. त्यातला 'मडी' नावाचा फाज दक्षिण आफ्रिकेत दरबानला एका कुजक्या वांग्यावर सापडलेला! तो ज्या संग्रहातला, त्यातले हजारो फाज कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीच गोळा केलेत. मुलीचा संसर्ग समूळ गेला नाही, पण जखम भरली आणि ती घरी गेली. त्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉ. गोपाल नाथ यांच्या गटाने न भरणाऱ्या जखमांवर फाज लावून पाहिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काकूला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आपल्याकडे का नाही मिळत?"

याचं निम्मं उत्तर आपल्या शाखेतलं आहे असं माझं मत. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये 'फागोबर्न' नावाची चाचणी झाली. भाजलेल्या रोग्यांच्या जखमेत स्युडोमोनास, आणि औषध म्हणून १२ फाजांचं मिश्रण. मिलिलिटरला १० लाख फाज द्यायचे ठरले होते. पण बनवल्यानंतर साठवणीत त्यांची संख्या घसरत गेली आणि रोग्यांना प्रत्यक्षात मिलिलिटरला शंभरएक फाजच मिळाले. फाज साध्या मलमापेक्षा हळू ठरले आणि २०१७ मध्ये चाचणी थांबवावी लागली. इथे जीवशास्त्र नव्हे, बाटली हरली! फाज शुद्ध करताना फुटलेल्या जीवाणूंचं विष गाळून काढायचं, बारा जातींचे फाज एका द्रावणात महिनोन्‌महिने टिकवायचे आणि रोग्यापर्यंत पोचेस्तोवर दर थांब्यावर मोजायचे. मोजायची पद्धत जुनी आणि सोपी आहे. काचेच्या ताटलीत जीवाणूंचा थर वाढवायचा, त्यात पातळ केलेलं द्रावण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी थरात पडलेले स्वच्छ ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे सुरुवातीचा एक फाज.