तेरच्या पांढरीतला शंख

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. पिवळट पांढरे, बोटभर लांबीचे. शेजारी मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या असल्या की या तुकड्यांपाशी सहसा कुणी थबकत नाही. पण तेरची खरी गंमत तिथेच आहे. अशी बांगडी करायची तर जाड कवचाचा शंख करवतीने आडवा कापावा लागतो. आतला मधला दांडा काढायचा, उरलेलं कडं दगडावर घासायचं आणि मग त्यावर रेघा कोरायच्या. असा शंख मिळतो कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, नाहीतर खाली तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात. गावाच्या तेरणा नदीच्या पाण्यात तो कधी जन्मला नाही.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरपासून अरबी समुद्र नाकासमोर गेलं तरी तीनशे किलोमीटरांहून लांब. इथल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. तरीही समुद्राच्या जिवावर नांदलेलं गाव दाखवा असं कुणी म्हटलं, तर या जिल्ह्याला तेरकडे बोट दाखवता येतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तकडून भारताच्या किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचं नाव मात्र हरवलं. भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर हे मोठं शहर, असं तो सांगतो. तगर म्हणजे आपलं तेर. दिशा त्याने ढोबळच सांगितली, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. अंतराचा हिशेब मात्र पटतो: सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, वाट वाकडीतिकडी, गाड्या मालाने लादलेल्या. बैलांना दहा दिवस लागणारच. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचला जाई, असं त्याने नोंदवलंय. शिवाय समुद्राकाठच्या मुलखातून तगरला येऊन पडलेला मालही तिथून पुढे बंदरावर जाई. हा मुलूख पूर्व किनाऱ्याकडचा असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे एका समुद्राचा माल दुसऱ्या समुद्राकडे धाडणारी पेठ आपल्या काळ्या रानात वसली होती. कापूस रानातला, पाणी नदीचं आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडचं.

हे तगर नेमकं कुठलं, यावर पुढे पंडितांत बराच काळ वाद चालला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचं नाव घेतलं, रा. गो. भांडारकरांनी धारूरचं. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथली देवळं आणि टेकाडं पाहून लिहिलं. उत्खनन व्हायला १९५८ साल उजाडलं. ते बा. ना. चापेकरांनी केलं आणि त्यानंतरही वेळोवेळी खोदकामं झाली. सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव त्यातून हळूहळू वर आलं.

‘उत्खनन’ हा शब्द तेरकरांना मात्र तसा नवा नाही, कारण इथे प्रत्येक पिढी थोडंबहुत खणतेच. मराठवाड्यात रानाला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. माणसं पिढ्यान्पिढ्या राहिली, भिंती पडल्या, राख-शेण-खापरं साठत गेली की ती पांढरी उंचावते. तेरला अशा टेकड्याच झाल्या आहेत: कोट टेकडी, बैराग टेकडी, मुलाणी टेकडी. काहींच्या अंगाखांद्यावर घरं आहेत, काही उघड्या. या पांढरीच्या मातीला पूर्वी मोठी मागणी असे. माळवदावर घालायला हीच माती लागे. लाकडी सरांवर चिपाट्या, चिपाट्यांवर पाला आणि त्यावर वीतभर पांढरी चोपून बसवली की उन्हाळ्यात आत गारवा आणि पावसाळ्यात, दरवर्षी डागडुजी केली तर, गळती नाही. आता तेरला गल्लोगल्ली स्लॅब दिसतात. पण जुन्या ढाळजेत बसून दुपार काढलेल्या माणसाला स्लॅबखालचा उकाडा सोसत नाही, यात नवल नाही.

मृगाचा पाऊस जोरात कोसळून गेला की टेकडीच्या उतारावरची माती धुऊन निघते आणि खापरांच्या मधेच एखादा मणी चमकतो. लाल अकीकाचा, नाहीतर हिरवट काचेचा. अशा वेळी उतारावरून खाली मान घालून चालणारी पोरं दिसली की वाटेवरचा माणूस विचारतो, ‘काय घावलं का रं?’ कोकणातल्या बंदराच्या वाडीत भरतीनंतर पोरं पुळणीवर काय आलं ते बघायला धावतात. इथली भरती पावसाची आणि पुळण टेकडीची, एवढाच काय तो फरक.

मोठ्यांचा अनुभव इतका गमतीचा नाही. घरकुलाचा पाया खणताना हाताला अख्खा रांजण लागला की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवं, असा १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. दहा रुपये! त्यात संरक्षित वास्तूजवळचं बांधकाम म्हणजे परवानग्यांचं लचांड वेगळंच. गवंड्याची रोजी चालू, सिमेंटची पोती पावसात, अशा अडचणीत सापडलेल्या माणसाला इतिहासाचं प्रेम शिकवणं सोपं असतं, निभावणं कठीण. अशा जागी रांजण निमूट फुटतो. त्याचा दोष एकट्या घरमालकाच्या माथी मारता येणार नाही. सापडलेलं सांगणाऱ्याचं काम अडणार नाही आणि त्याला चार पैशांची झळ बसणार नाही, एवढी सोय केली तर तेरच्या पांढरीतलं पुष्कळ काही वाचेल.

जे वाचलं, त्यातलं बरंचसं एका माणसाच्या छंदामुळे. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी आयुष्यभर गावात सापडलेल्या वस्तू जमवल्या. लोकांना ज्यात खापऱ्या दिसत होत्या, त्यात त्यांना तगर दिसत होतं. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय गावात उभं आहे. तिथे हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिने, केसांची घडण बारीक, उंची वितीएवढीही नाही. तिची सख्खी नाही तरी चुलत बहीण शोभेल अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच ती भारतातून समुद्रमार्गे तिथवर पोचली होती. ती आपल्या तेरहूनच गेली, असं आपल्याकडे अनेकदा छातीठोकपणे सांगितलं जातं. तसा पुरावा नाही. भोकरदनलाही अशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे, तेव्हा वादाला जागा आहे. दख्खनमधल्या गावांचं कसब रोमन घरात कौतुकाने ठेवलं जात होतं, एवढं मानलं तरी पुरे. तिकडची छापही इकडे उमटत होती: रोमन धाटणीचे मातीचे दिवे, रोमन नाण्यांवरून इथेच उठवलेल्या मातीच्या मुद्रा. परदेशी फॅशनची नक्कल तेव्हाही होत होती.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ वेळ काढून पाहावं. पुढचा सपाट छताचा मंडप ओलांडून मागच्या बाजूला गेलं की विटांची इमारत हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार वळलेली दिसते. वर कमानदार छप्पर आणि दर्शनी बाजूला कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांत असतो तसा घोड्याच्या नालाच्या आकाराचा गवाक्ष. डोंगरात कोरलेले चैत्य महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, पण विटांनी बांधलेला आणि अजून उभा असलेला चैत्याच्या घाटाचा नमुना फार दुर्मीळ. आंध्रातल्या चेजर्ल्याला त्याचा जोडीदार आहे. मूळचं बौद्ध स्थान पुढे विष्णूचं झालं, असं बहुतेक अभ्यासकांचं मत. आत पाय उंच उचललेला त्रिविक्रम उभा आहे. याच देवळात नामदेवांचं कीर्तन झालं, असं वारकरी परंपरा सांगते.

तेरच्या जुन्या विटा हा आणखी एक चमत्कार. मातीत भाताचं तूस कालवून भाजल्यामुळे तूस जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट इतकी हलकी होते की काही विटा पाण्यावर तरंगतात. विटांच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे. शतकानुशतकं ऊनपाऊस खाल्लेलं लाकूड आपल्या हवेत टिकणं हेच नवल; तिच्यासाठी चार मिनिटं जास्त द्यावीत.

बाहेरच्या महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते मात्र या कशासाठीच नाही. ठाऊक आहे ते संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाकांसाठी. संतमेळ्यात वडील म्हणून ‘काका’. थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहणारे आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे. त्यांचं घर गावातल्या वस्तीतच आहे. समाधी तेरणेच्या काठी, काळेश्वराच्या देवळाला लागून. परंपरेने समाधीचं वर्ष १३१७, तिथी चैत्र वद्य त्रयोदशी. यात्रा भर उन्हाळ्यात येते, तेव्हा नदीला पाणी नसतं आणि गावाला सावली कमी पडते. तरी दिंड्या येतात, टाळ वाजतात, घरोघरी पाहुण्यांसाठी भाकरी थापल्या जातात. यात्रेला आलेली बहुतेक माणसं समाधीचं दर्शन घेऊन परततात. संग्रहालयाकडे त्यांतली थोडीच वळतात.

तेरची आठवण समुद्राकडेही बराच काळ जागी होती. ठाण्याच्या खाडीकाठी राजधानी करून उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार, आणि कोल्हापूरचे शिलाहारसुद्धा, आपल्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असं बिरुद मिरवत. तोवर तगरचा व्यापार कधीच ओसरला होता. पण बंदरं, गलबतं, जकात हाताशी असलेल्या राजांना आपण मूळचे तगरचे हे सांगण्यात मोठेपणा वाटत होता. कुळाच्या गावाचं नाव असं वापरतात, तेव्हा त्या नावाला बाजारात काहीतरी किंमत असते.

धाराशिवहून तेर गाठायला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. जायचं तर सकाळी जा, आधी संग्रहालय करा. मग त्रिविक्रम, गोरोबाकाकांचं घर आणि ऊन कलल्यावर काळेश्वर-समाधी. टेकडीवर चढलात आणि मणी सापडलाच, तर खिशात टाकू नका. तो खाली संग्रहालयात नेऊन द्या.