खेळणारा आणि सांगणारा

फुटबॉलचा मोठा सामना दूरचित्रवाणीवर चालू असतां मध्यंतर होतें, आणि दोन-तीन निवृत्त खेळाडू पडद्यावर येऊन त्याची मीमांसा करूं लागतात. इंग्लंडांतील ही प्रथा तेथील सामन्यांबरोबर आपल्या दिवाणखान्यांतहि येऊन पोंचली आहे. घरांतील मुलें या मंडळींचे शब्द प्रमाण मानून आपसांत वाद घालतात. तेव्हां त्यांची योग्यता कशी जोखावी, याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ज्यानें उमेदीचीं पंधरा-वीस वर्षें मैदानावर घालविलीं, त्याच्याहून अधिक अधिकारी कोण, असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोन नाट्याचार्यांचा कलह निवडतांना परिव्राजिका जो विवेक करते, तो येथेंहि लागू आहे. कला अंगीं असणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या गळीं उतरविणें निराळें. उत्तम खेळाडूचे पाय विचारापूर्वींच योग्य जागीं पडतात. त्यामुळें 'कां' हा प्रश्न त्यानें स्वतःस कधीं विचारलेलाच नसतो.

बी.बी.सी.नें 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम १९६४ सालीं सुरू केला. पुढें १९७० च्या विश्वचषकाच्या वेळीं आय.टी.व्ही.नें माल्कम ॲलिसन, डेरेक डूगन, पॅट क्रेरंड आणि बॉब मॅकनॅब यांस एकत्र बसविलें. त्यांच्या खडाजंगीनें लोकांचें मनोरंजन झालें, आणि अशा चर्चामंडळांची चाल पडली.

ॲलन हॅन्सन यांनीं या कामास शिस्त आणली. लिव्हरपूलच्या बचावफळींत खेळून त्यांनीं आठ वेळां इंग्लिश लीग व तीन वेळां युरोपियन कप जिंकला होता. बचावाची फळी नेमकी कोठें फुटली, हें ते चित्र दाखवून समजावीत. परंतु ऑगस्ट १९९५ मध्यें मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ ॲस्टन व्हिलाकडून ३–१ असा हरला, तेव्हां पोरांच्या बळावर कांहीं जिंकतां येत नाहीं, असें ते बोलून गेले. त्याच संघानें त्या हंगामांत लीग व एफ.ए. कप दोन्ही जिंकले! घडलेल्या गोष्टीच्या चिकित्सेंत अनुभव कामीं येतो. भविष्य सांगतांना तो फारसा उपयोगी पडत नाहीं.

गॅरी नेव्हिल यांचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. २०११ सालीं खेळ सोडून ते स्काय वाहिनीवर आले. २०१३ पासून जेमी कॅरागर त्यांना येऊन मिळाले. कॅमेरा चेंडूमागें धांवतो. परंतु गोलाचें मूळ पुष्कळदां चेंडूपासून दूर असतें. कोणी जागा सोडली, कोणाची नजर चुकली, हें ते उभयतां पडद्यावर दाखवितात, आणि पाहणाऱ्याचे डोळे उघडतात. परंतु याच नेव्हिल यांस डिसेंबर २०१५ मध्यें स्पेनमधील व्हॅलेन्सिया संघाचें प्रशिक्षकपद मिळालें, तें चार महिन्यांच्या आंत गेलें. म्हणजे सांगणें आणि घडविणें यांतहि अंतर आहेच. उलट इटलीचे अरीगो साकी व्यावसायिक फुटबॉल कधींच खेळले नव्हते. तरी त्यांच्या हाताखालीं मिलान संघानें १९८९ व १९९० या दोन्ही वर्षीं युरोपियन कप जिंकला.

दुर्दैवानें पुष्कळ समीक्षक हें श्रम घेत नाहींत. 'जिद्द कमी पडली', 'हा गोल व्हावयासच हवा होता', असलीं वाक्यें उच्चारण्यास मैदानावर घाम गाळावा लागत नाहीं. तीं आपल्या घरचे आजोबाहि सहज बोलतात. त्यांतून जुन्या सोबत्यांस दुखविण्याचा संकोच असला, म्हणजे परीक्षणाचें निव्वळ स्तुतिपाठांत रूपांतर होतें.

ही गोष्ट खेळापुरती क्षुल्लक वाटेल. परंतु नांवाच्या वजनानें मत तोलण्याची संवय मुलांस लागली, तर ती खेळापुरती राहत नाहीं. म्हणून मध्यंतरांत वडील मंडळींनीं मुलांना एवढेंच विचारावें: 'या गृहस्थांनीं तुम्हांला आधीं न दिसलेलें असें काय दाखविलें?' उत्तर देतां आलें, तर तो समीक्षक खरा. न आलें, तर त्याच्या कपाटांत कितीहि चषक असोत, तेवढा वेळ आवाज बंद ठेवून चहा घेण्यास हरकत नाहीं.